राहीने घटक बदलला

राही शिगवण संशयी आहे, हे बीएडच्या वर्गात पहिल्या महिन्यातच ठरून गेलं होतं. कोणी साडीचं कौतुक केलं की ती आधी पदर कुठे फाटलाय का ते चाचपायची. मागच्या बाकावर मुली हसल्या की आपल्यालाच हसल्या असं धरून चालायची. आणि कोणी "राही, बस ना इथे" म्हणून जागा करून दिली, तर त्या बाकाचा पाय मोडका आहे का ते बघून मगच टेकायची.

तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की संशय हा काही दोष नव्हे, तो शेतीकामाचा भाग आहे. खेड तालुक्यात पार आत, माळकोंडला, शिगवणांची भाताची खाचरं डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेली होती. लावणीच्या दिवसांत पावसाने दोन-चार दिवस पाठ फिरवली की खालचा शेतकरी वरच्याचा बांध गुपचूप फोडायचा आणि पाणी आपल्याकडे घ्यायचा. विचारायला जावं तर, "खेकड्यान् भोक पाडलान् असंल!" राहीचा बाप भागोजी मुंबईला गोदीत. घरात आई काशी आणि ही. "जा गो, बांध बघून ये," असं आईने म्हटलं की परकर खोचून राही निघायची. फुटलेल्या जागची माती बघून खेकडा कुठला आणि माणूस कुठला, हे तिला लहानपणीच कळायला लागलं. बहुतेक वेळा माणूसच निघायचा. आणि तोही असा, की आदल्या दिवशी आईशी गोड बोलून, घरची काकडी देऊन गेलेला.

तेव्हापासून गोड बोलणाऱ्याकडे दोनदा बघायची तिला सवय लागली.

चिपळूणला मामाकडे राहून, मामीची भांडी घासत ती बीएस्सी झाली. त्या वाडीतली ती पहिली पदवीधर. गावच्या मुंबईकर मंडळींनी माळकोंडला हायस्कूल काढलं, तेव्हा विज्ञान शिकवायला तिकडे यायला कोणी तयार होईना, म्हणून राहीला घेतलं. दोन वर्षं तिने देवळाच्या सभामंडपात वर्ग चालवले. मग शाळेला सरकारी मान्यता मिळाली, नवी इमारत उठली, आणि तिकडे यायला लोक एकदम तयार झाले. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा तिला म्हणाले, "राही, तू आपली गावची. जूनपर्यंत जागा तुझ्यासाठी राखतो. पण बीएड होऊन ये हो. नाही झालीस, तर मला पण वर तोंड दाखवायचं असतं."

या वाक्यातलं पहिलं अर्धं राहीला ऐकूच आलं नाही. दुसरं अर्धं घेऊन ती रत्नागिरीला आली.

खालच्या आळीत गोदूबाईंच्या पडवीला लागून एक खोली होती, ती तिने आणि हौसा चोगले नावाच्या मुलीने मिळून घेतली. हौसा बुरोंडीची. वडील बोटीवर, आई येसूबाई मासळीच्या धंद्यातली. हौसाचा आवाज समुद्रावर हाका मारायला घडवल्यासारखा, आणि स्वभाव असा की भाजीवालीशीही ती पाच मिनिटांत नातं काढायची. दोघींचे विषय तेच, विज्ञान आणि गणित. राहीच्या दृष्टीने संशयाला एवढं पुरेसं होतं, पण दिवाळीपर्यंत एका स्टोव्हवर दोघींची आमटी शिजली आणि हळूहळू राहीची नजर जरा सैल पडली.

पण दिवाळीनंतर हौसाचं विचारणं सुरू झालं.

"राही, तुझ्या शाळेत विज्ञानाला तू एकटीच?"

"हो. का?"

"उगीच. आणि गणिताला?"

"मीच."

"पगार वेळेवर होतो का गो? एस्टी गावापर्यंत येते? राहायला खोली?"

एवढं विचारून हौसा भाकरी थापायला लागली. राही मात्र हातातला तक्ता रंगवायची थांबली. एस्टी येते का, हे कोण विचारतं? ज्याला जायचं असतं तो विचारतो. हौसाला बुरोंडीच्या आसपास नोकरी नव्हती, हे तिनेच सांगितलेलं. आणि राही नापास झाली तर जूनमध्ये माळकोंडला विज्ञानाची जागा मोकळी.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यानंतर हौसाचं प्रत्येक वागणं राही उलटं करून बघू लागली. हौसाने तिचा पाठ चांगला झाला म्हटलं, म्हणजे काहीतरी चूक दिसली असणार आणि ती मुद्दाम सांगितली नसणार. हौसाने तिच्या फळ्यावरच्या अक्षरात चूक दाखवली, तर ती सगळ्या गटासमोर का दाखवली? एकदा हौसा बाजारातून येताना राहीसाठी रंगीत खडूंचं खोकं घेऊन आली. राहीने आभार मानले आणि एक एक खडू मोडका नाही ना ते बघून ठेवलं.

फेब्रुवारीत परीक्षेच्या पाठांच्या तारखा लागल्या. बीएडच्या वर्षात लेखी पेपर होतेच, पण खरी भीती त्या एका पाठाची. बाहेरगावचे परीक्षक यायचे, आपण एका अनोळखी वर्गावर एक तास शिकवायचं, आणि ते मागच्या बाकावर बसून आपल्यावर गुण लिहायचे. ज्या भागावर पाठ घ्यायचा त्याला घटक म्हणत. घटक वर्गाला आधी शिकवलेला नसावा, हा पक्का नियम. म्हणून आपला घटक त्या शाळेच्या विषयशिक्षिकेला विचारायचा, "बाई, हा झाला नाही ना?" अशी खात्री करून घ्यायची, आणि मग कॉलेजात सुर्वे सरांची सही घ्यायची.

राहीला आठवी ब मिळाली. गावातलीच शाळा, पण या शाळेतली मुलं फार तयार होती. दर वर्षी त्यांच्यावर बीएडवाल्यांचे पाठ व्हायचे, त्यामुळे कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर दिलं की बाई खूश होतात, हे त्यांना बाईंच्या आधी कळायचं. एकदा एका छात्राध्यापिकेची प्रस्तावना लांबली, तर पहिल्या बाकावरून सल्ला आला, "बाई, आता आजचा विषय सांगून टाका, नाहीतर वेळ पुरणार नाही." परीक्षकांसमोर तर ही मुलं अशी बसायची की फोटो काढून घ्यावा.

विज्ञान शिकवणाऱ्या खातू बाईंकडून राहीने 'हवेचा दाब' हा घटक घेतला आणि खोलीत ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. हौसा बाहेर गेली की ती पेला पाण्याने काठोकाठ भरायची, त्यावर जाड पुठ्ठा ठेवायची आणि उलटा करायची. पुठ्ठा टिकला तर पाठ टिकला. पहिल्या दिवशी पुठ्ठा टिकला नाही. अंथरुणं भिजली.

"पाऊस आत आला का गो?" हौसाने येऊन विचारलं.

"हंडा कलंडला," राही म्हणाली.

हौसाने पेल्याकडे बघितलं, ओल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि "बरं," म्हणाली. तेवढ्या 'बरं'वर राही दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करत राहिली.

पाठ बुधवारी होता. त्याआधीच्या रविवारी सकाळी राही विहिरीवर कपडे धूत असताना गोदूबाई रहाटापाशी येऊन उभ्या राहिल्या. गोदूबाईंना दोन्ही मुलींचं काही खरं वाटत नसे. आरशासमोर उभं राहून "मुलांनो, सांगा बरं" असं म्हणणाऱ्या मुली त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

"राही, तुझा पाठ कुठल्या शाळेत म्हणालीस?"

राहीने सांगितलं.

"आणि हौसाचा?"

"तिचा होऊन गेला. दुसऱ्या शाळेत."

"मग काल ती तुझ्या शाळेतून बाहेर पडताना कशी दिसली मला? मी शेवग्याच्या शेंगा घेत होते समोर. त्या बाईंशी फाटकात किती वेळ बोलणं! हात काय जोडत होती, हसत काय होती." गोदूबाईंनी आवाज खाली आणला. "मला काय करायचंय. दिसलं ते सांगितलं."

राहीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. शनिवारी हौसा म्हणाली होती, की ती पोस्टात जाऊन येते.

संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल पोस्टात गर्दी होती?"

"होती ना," हौसा तांदूळ निवडता निवडता म्हणाली आणि लगेच गावातल्या कुणाच्या तरी लग्नाकडे वळली.

सोमवारी राही आठवी ब मध्ये गेली. पाठाआधी वर्गात बसून मुलांची ओळख करून घेण्याची पद्धत होती. मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी जवळ आली.

"बाई, बुधवारी तुम्ही पेला उलटा करणार ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"त्या मोठ्या आवाजाच्या बाई आलेल्या ना शनिवारी. त्या खातू बाईंना सांगत होत्या." आणि मग दिलासा दिल्यासारखं, "सांडलं तरी आम्ही हसणार नाही हां, बाई."

झालं. राहीच्या डोक्यात सगळं चित्र पुरं झालं. हौसाने पेला बघितला, घटक ओळखला, शाळेत येऊन वर्गात फोडला. आता बुधवारी राही पेला हातात घेणार आणि सगळी मुलं एका सुरात सांगणार, की पुठ्ठा पडत नाही कारण हवेचा दाब. परीक्षकांना वाटणार, या बाईने मुलांना पढवून ठेवलंय. पढवलेल्या वर्गावर पाठ घेणाऱ्याला परीक्षक काय करतात, त्याच्या कथा दर वर्षी नव्याने सांगितल्या जायच्या. आणि हौसा जूनमध्ये एस्टीतून माळकोंडला उतरणार.

भांडायला जावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण बांध फोडणाऱ्याशी भांडून पाणी परत येत नाही, हे ती लहानपणापासून बघत होती. त्यापेक्षा आपण दुसरीकडून पाट काढावा. तिने पुस्तक उघडलं. 'हवेचा दाब' संपला की पुढचाच घटक होता, 'द्रवाचा दाब'. नवीन पाठाला नवीन टाचण, नवीन साहित्य. हातात जेमतेम दीड दिवस होता, पण हे कोणाच्या कानावर गेलं नाही की झालं.

अडचण एकच होती. खातू बाईंना विचारायला हवं होतं. पण खातू बाई तर हौसाशी फाटकात हसून बोलत होत्या! त्यांना सांगणं म्हणजे हौसाला सांगणंच. मंगळवारी ती थेट सुर्वे सरांकडे गेली.

"आयत्या वेळी घटक का बदलताय?"

"सर, साहित्य नीट जमत नाही."

"शिकवलेला नाही ना? बाईंना विचारलंत?"

"विचारलं, सर," राही म्हणाली. सरांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि सही केली. खोटं बोलणाऱ्यांचा आयुष्यभर माग काढणारी राही त्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिला आपण काही खोटं बोललो असं वाटलंही नाही. बंदोबस्त केला, असं वाटलं.

पावडरीच्या उभ्या डब्याला तिने एकाखाली एक तीन भोकं पाडली, तीही गोदूबाईंच्या परसात, नारळाच्या बुंध्याआड बसून. भोकांना मेणाचे बोळे लावले आणि डबा, खिळा आणि टाचण पिशवीच्या तळाशी घातलं.

बुधवारी सकाळी हौसा म्हणाली, "घाबरू नको. वर्ग कोरा आहे तुझा. मस्त होईल बघ."

वर्ग कोरा आहे हे हिला काय माहीत, असं मनात म्हणत राहीने कॉलेजची मोतिया साडी नेसली आणि ती निघाली.

परीक्षक बाई कोल्हापूरकडच्या होत्या. पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा. सुर्वे सरांच्या शेजारी त्या मागच्या बाकावर बसल्या. आठवी ब फोटोतल्यासारखी बसली होती. शिपाई रावजीने तेलाच्या रुंद पत्र्याच्या डब्यातून पाणी आणून टेबलाशी ठेवलं. राहीने पावडरीचा डबा भरला, टेबलाच्या कडेशी ठेवला, भोकं वर्गाकडे. आणि पहिला प्रश्न विचारला.

"या डब्याला तीन भोकं आहेत. बोळे काढले तर काय होईल?"

तिला "पाणी पडेल" हे उत्तर हवं होतं. टाचणात तसंच लिहिलं होतं. पण सगळा वर्ग हात वर करून उभा राहिल्यासारखा झाला.

"सगळ्यात खालच्या भोकातलं पाणी सगळ्यात लांब जाईल, बाई!"

"का... का बरं?"

"कारण द्रवाची खोली वाढली की दाब वाढतो!" वर्गाने पाढ्याच्या चालीत सांगितलं, आणि शाबासकीची वाट बघत तिच्याकडे बघितलं.

राहीने टाचणाकडे बघितलं. पुढच्या पंचवीस मिनिटांत जे काढून घ्यायचं होतं ते मुलांनी पहिल्या दोन मिनिटांत देऊन टाकलं होतं. मागच्या बाकावर परीक्षक बाईंनी सुर्वे सरांच्या कानात काहीतरी म्हटलं. सरांनी मान हलवली. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं. पेनाला टोपण लागल्याचा तो टक आवाज राहीला फळ्यापाशी ऐकू आला.

पहिला विचार हौसाचाच आला. पण तो पुढे सरकेना. या घटकाबद्दल हौसाला माहीत नव्हतं. गोदूबाईंना नाही, खातू बाईंना नाही. सुर्वे सरांना काल दुपारी कळलं, आणि सर काही आठवीत येऊन फोडायचे नाहीत. मग राहिलं कोण? पहिल्यांदाच राहीला फुटलेल्या बांधावर माणसाचा पाय दिसेना.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

मग मागून एक मुलगा म्हणाला, "कोणी नाही, बाई. आम्हाला येतंच."

"येतंच, बाई," दोघा-तिघांनी री ओढली. परीक्षकांसमोर 'हे शिकवून झालंय' म्हणायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलं तिला सांभाळून घेत होती. राहीला ते कळलं. तिच्यासाठी ही एवढी मुलं खोटं बोलत होती आणि कोणालाही तिच्याकडून काही नको होतं.

आता "शाबास" म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मग पढवलेला वर्ग हा शिक्का बसला असता. आणि खरं विचारलं, तर मंगळवारी सरांना दिलेलं उत्तर उघडं पडलं असतं. दोन्हीकडून जूनची जागा निसटत होती.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

दोन वेण्यांच्या मुलीने मागे परीक्षकांकडे बघितलं, मग राहीकडे. "शनिवारी, बाई. खातू बाईंनी शिकवलं. मधला घटक सोडून."

सुर्वे सरांनी मान वर केली. राहीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तिने टाचण मिटलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"बरं. येतंय ते परत शिकवून काय करायचं? मला एक सांगा. हा माझा डबा अरुंद आहे, आणि तो रावजींचा रुंद. दोन्हीत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरलं, तर रुंद डब्यात पाणी जास्त मावेल ना? मग सारख्याच उंचीवर भोक पाडलं तर लांब कुठलं पाणी जाईल?"

वर्ग पहिल्यांदा फोटोतून बाहेर आला.

"रुंद डब्याचं!"

"त्यात पाणी किती, बाई! ढकलणार ना ते!"

"नाय रे, खोली सारखी आहे म्हणतायत बाई."

"खोली सारखी, पण वजन?"

"हात वर करा. रुंद म्हणणारे?" जवळजवळ सगळा वर्ग. "सारखंच म्हणणारे?" चौघेजण, त्यांतला एक शेजाऱ्याचं बघून हात खाली घेणारा. "बघू या."

तिने पिशवीतून खिळा काढला. दाराला लावलेला दगड एका मुलाकडून मागवला, रुंद डबा बादलीत रिकामा केला, आणि माप घेऊन ठोकायला लागली.

"अहो बाई! ओ बाई! माझा डबा!" दारातून रावजी ओरडला. "झाडांना पाणी कशान् घालू आता?"

सगळा वर्ग हसला. सुर्वे सरही हसले असावेत, पण राहीने मागे बघितलं नाही. सारख्या उंचीपर्यंत पाणी भरून दोन्ही डबे टेबलाच्या कडेशी शेजारी शेजारी ठेवले. मुलं बाकांवरून अर्धी उठून पुढे आली, आणि तिने त्यांना बसवलं नाही. दोन पोरांनी भोकांवर बोटं धरली. "एक, दोन, तीन!"

दोन्ही धारा जमिनीवर एकाच रेषेत पडल्या.

"अरेच्चा!" हे कुठल्याही टाचणात बसणारं उत्तर नव्हतं. रुंद म्हणणाऱ्यांनी डबा हलवला म्हणून परत करायला लावलं. परत केलं. परत सारखंच. मग वाद सुरू झाला, विहीर मोठी की नळी मोठी, तळ्याचा बांध आणि हौदाची भिंत, आणि घंटा झाली तरी तो चालूच होता. टाचणातलं मूल्यमापन, फलकलेखन, गृहपाठ, सगळं तसंच राहिलं. जमिनीवर पाण्याचं तळं.

मुलं गेल्यावर परीक्षक बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"शिकवलेला घटक आहे का, ते विचारायचं असतं. विचारलं होतं?"

"नाही," राही म्हणाली. "विचारलं म्हणून सरांना सांगितलं होतं. ते खोटं होतं."

सुर्वे सर खिडकीबाहेर बघत राहिले. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. "हे असं करणारी बाई मी पास करावी की नाही, याचा मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "शिपायाला डबा आणून द्या."

बाहेर व्हरांड्यात खातू बाई उभ्या होत्या.

"काय गं शिगवण, हवेचा दाब घेणार होतीस ना? मी मुद्दाम ठेवला होता तुझ्यासाठी! शनिवारी शिकवणारच होते मी, माझ्या लक्षातच नव्हतं. ती तुझी चोगले आली धावत. 'बाई, तो राहीचा घटक आहे, हात जोडते, पुढचा शिकवा.' म्हणून पुढचा घेतला. आणि तू नेमका तोच..."

राही पायऱ्या उतरली ती खोलीपर्यंत कशी आली ते तिला समजलं नाही. हौसा स्टोव्हला पिन करत होती.

"तू शनिवारी शाळेत गेलीस ते सांगितलं का नाहीस?"

हौसाने पिन खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

राहीने पिशवी खाली ठेवली.

"म्हणाली असतीस, माझ्या शाळेत हिचं काय काम. शाळेपाशी राहणाऱ्या मुलीने मला सांगितलं, की खातू बाई धड्यामागून धडा संपवतायत. अंथरूण भिजलेलं मी बघितलं होतंच. म्हटलं गुपचूप जाऊन यावं. हिला कळलं तर हिला रात्रीची झोप नाही." मग एकदम आवाज चढला. "आणि तू काय केलंस गो? सांग तरी!"

राहीने सांगितलं. एस्टीच्या प्रश्नापासून सगळं. हौसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पातेलं आपटलं. "म्हणजे वर्षभर मी तुझी आमटी ढवळत होते, आणि तू मला चोर समजत होतीस?" परीक्षा संपेपर्यंत ती राहीशी कामापुरतं बोलली. राहीने रावजीला नवा डबा नेऊन दिला. रावजीनेही तो उजेडात धरून, गळतो का ते बघून घेतला.

निकाल लागला. हौसाला प्रथम वर्ग. राही पाठाच्या गुणांत काठावर, पण पास. तिने तो कागद आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "झकास. आता ऐक. दहावीला मंजुरी आलेय. तुला एकटीला झेपायचं नाही. गणिताला माणूस हवं. तुझ्या बघण्यात कोणी आहे?"

राहीने लगेच नाव घेतलं नाही. घरी जाऊन ती विचार करत बसली. हौसा आली तर मुलं हौसाकडे जातील. तो आवाज, ते नातं काढणं. वर्षभरात माळकोंड हौसाचं होऊन जाईल. "कसला इचार करतंस?" आईने विचारलं. "माणूस चांगला आहे का वायट?" "चांगला आहे," राही म्हणाली. "मग?" दुसऱ्या दिवशी तिने दापोलीची एस्टी पकडली.

बुरोंडीला येसूबाई दारात सुकट वाळवत होत्या. हौसा बाहेर आली, आणि तिने राहीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय गो? एवढ्या लांब?"

"माळकोंडला जागा आहे. गणिताला. अर्ज कर."

हौसाने हात पदराला पुसले. "कधीपासून आहे जागा?"

"परवा कळलं मला."

"आणि तू मला सांगायला आलीस."

"हो."

"दुसरं कोणी जात नाही का तिथे? पाण्याचे हाल आहेत? त्या आप्पांचा काय त्रास आहे?"

"नाही गो."

"मग खोली पडकी असेल."

"माझ्या घरी राहा."

"हां!" हौसा म्हणाली, जणू सापडलंच. "तुझ्या घरी. म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर." तिने हात कमरेवर ठेवले. "तुझ्या शब्दावर मी एक पाऊल टाकणार नाही, राही. आधी मी स्वतः येऊन बघेन. लोकांना विचारेन. मग ठरवेन."

"तसंच कर," राही म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण हौसाचं तिला इतकं कधीच पटलं नव्हतं.

आठवड्याभराने दुपारची एस्टी येऊन गेली आणि शेजारचा सदू धापा टाकत शिगवणांच्या दारात आला.

"राहीबाय, कोन तरी बाय आलेय गावात. मोठ्या आवाजाची. देवळापाशी, दुकानात, सगल्यांना तुझ्याबद्दल इचारतेय. राही शिगवण कशी हाय, खरं बोलते काय, मानसाला वागवते कशी. मला तर काय तिचं लक्षण बरं दिसत नाय. हाकलू काय?"

"नको," राही म्हणाली. "विचारू दे. आणि खरं ते सांगा तिला."

ती आत गेली, आणि चहाचं आधण दोघींचं ठेवलं.